गोंदाजीचा गुडघा

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. नदीवर पूल नव्हता आणि कारभाऱ्यांना उलट विचारायची पद्धत नव्हती, त्या काळातली म्हणा.

त्या नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. एक अलीकडचं, एक पलीकडचं. मधोमध मोठं बेट होतं आणि बेटावर बारा महिने हिरवं गवत. दोन्ही गावांची गुरं त्यावर सुखाने पोसली असती, पण शेजारची गावं म्हटल्यावर भांडण आलंच. शेवटी तिथल्या राजाने वैतागून ठरवून दिलं, की दर साली सुगी संपली की दोन्ही गावांनी काठीचेंडू खेळावा. जे गाव जिंकेल त्याची गुरं सालभर बेटावर चरतील. जे हरेल त्याने आपल्या गुरांना वाळका कडबा घालावा.

काठीचेंडू म्हणजे टोकाला वाकवलेली बाभळीची काठी, बांबूच्या मुळाचा टणक चेंडू, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन दगड. काठीने चेंडू नेत नेत पलीकडच्या दगडांमधून घालवायचा. आजकालच्या पोरांना हॉकी म्हटलं की लगेच कळेल. मैदानाभोवती चुलीतल्या राखेची रेघ मारलेली असे.

अलीकडच्या गावाचा संघ नावाजलेला होता. बेट पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडेच होतं म्हणा ना. संघात कोण खेळणार, कोण नाही, हे ठरवायचे गावचे कारभारी. कारभारी वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो. ते वाईट असते तर मलाही ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. गावाच्या काळजीने त्यांना रात्र रात्र झोप लागत नसे.

आता या गावची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण सगळं त्यातच आहे. संघातल्या प्रत्येक खेळाडूच्या मागे एक शिकाऊ पोरगा लावलेला असे. त्याला मागल्या म्हणत. मागल्याने राखेच्या रेघेबाहेर उभं राहायचं, हातात काठी घ्यायची, आणि आतला खेळाडू जे करील ते बाहेरून करायचं. तो पळाला की पळायचं, तो वळला की वळायचं, त्याने चेंडू मारला की आपण हवेत काठी फिरवायची. मागल्याला चेंडू नसे. चेंडूला काठी लावली तर सालभर घरी बसायचं, हा दंड.

मुळात ही रीत एका हंगामापुरती होती. कोणा जुन्या शहाण्याने काढलेली. एक साल बाहेरून बघ, पुढच्या साली आत ये. पण बेटाची गोडी लागली तसा तो हंगाम लांबत गेला. यंदा नवं पोरगं आत घेतलं आणि हरलो तर? गुरांनी काय खायचं? यंदा नको, पुढल्या साली बघू. दर साली असंच व्हायचं. आणि दर साली त्यात काही चुकीचं आहे असं कोणालाच वाटत नसे, हीच तर खरी अडचण होती.

त्या गावात ठकूबाई नावाची एक विधवा राहायची. तिला एकच मुलगा, हैबती. तो लहानपणापासून शेरडं राखायचा आणि उतारावर एकटाच चेंडू खेळायचा. शेरडांच्या पायांमधून चेंडू काढायचा, दगडावर आपटून परत काठीवर घ्यायचा, आणि मनात येईल तिथे, मनात येईल तेव्हा मारायचा. कोणी शिकवलेलं नव्हतं. चेंडू त्याच्या काठीपाशी आपणहून थांबायचा, असं बघणारे सांगत.

एकदा कारभारी त्या वाटेने चालले होते. ते थांबले, छत्री मिटली आणि बराच वेळ बघत राहिले. मग ठकूबाईच्या दारात येऊन म्हणाले, "ठकूबाई, तुझं पोरगं म्हणजे रत्न आहे. याला जपायला हवं."

ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्या दिवशी गूळ घालून लापशी केली आणि शेजारीपाजारी वाटली. जपणं म्हणजे काय, हे तिला कुठं ठाऊक होतं?

हैबतीला गोंदाजीचा मागल्या केलं. गोंदाजी संघातला सगळ्यांत जाणता खेळाडू. त्याच्या फटक्याचा पलीकडच्या गावाने धसका घेतलेला. फक्त तरुणपणी एका म्हशीने त्याच्या डाव्या गुडघ्यावर लाथ मारली होती, तेव्हापासून तो पाय जरा ओढायचा. फटका मारण्याआधी डावा हात गुडघ्यावर टेकवायचा, कमरेत वाकायचा, आणि मग एका हाताने काठी फिरवायचा. आता म्हशीची लाथ बसलेला माणूस आणखी काय करणार?

हैबती मन लावून शिकला. तसं पोरगं गुणी होतं. गोंदाजी पळाला की पळायचा, थांबला की थांबायचा. दोन-तीन हंगाम गेले. एका संध्याकाळी ठकूबाई परसात धारेला बसली होती. हैबती पाण्याची घागर उचलायला वाकला आणि त्याने डावा हात गुडघ्यावर टेकवला.

"गुडघ्याला काय झालं रे?" तिने विचारलं.

"काही नाही, आई. गोंदाजीतात्या असंच करतात."

"त्यांना म्हशीनं लाथ मारलीय. तुला कोणी मारली?"

हैबती हसला. म्हणाला, "कारभारी म्हणतात, हुबेहूब जमलं की आत घेणार. आता थोडंच राहिलंय."

"आणि तुझा तो उतारावरचा चेंडू? तो कुठं गेला?"

"चेंडूला काठी लावायची नाही, आई. सालभर घरी बसावं लागेल."

 धार काढून झाली होती, ठकूबाई चरवी घेऊन आत गेली.

पलीकडच्या गावाचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिथे आजोबांच्या वयाचे खेळाडू कंटाळून घरी बसले, आणि गावाने काय करावं? मिसरूडही न फुटलेली पोरं मैदानात उतरवली. ती पोरं पहिल्या साली आपटी खाऊन गेली. दुसऱ्या साली खाऊन गेली. चेंडू सोडून एकमेकांच्याच नडग्या फोडायची. अलीकडचं गाव पोट धरधरून हसलं. कारभारीही हसले आणि म्हणाले, "बघा, न जपता पोरं आत टाकली की हे असं होतं." पलीकडची गुरं त्या सालांत आणखी हाडकली, माणसांनी ताकाशिवाय भाकरी खाल्ली. पण त्यांनी पोरं बदलली नाहीत. हे मात्र हसण्याच्या नादात कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अशाच एका साली खेळ ऐन रंगात होता. कोणाचा तरी फटका चुकला आणि चेंडू राखेची रेघ ओलांडून थेट हैबतीच्या पायाशी आला. समोर दोन दगड उघडे पडलेले. दगडांचा राखणदार पार दुसऱ्या कोपऱ्यात. हैबतीने विचारच केला नाही. ना गुडघ्यावर हात ठेवला, ना वाकला. उतारावर मारायचा तसा दोन्ही हातांनी मारला. चेंडू जमिनीलगत गेला आणि दोन दगडांच्या बरोबर मधून निघून गेला.

 मग पलीकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली.

अर्थात तो डाव धरला गेला नाही. धरायचा कसा, पोरगं रेघेबाहेर उभं होतं. आणि दंड तो दंड. हैबती सालभर घरी बसला. कारभारी स्वतः त्याला समजवायला आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तुझ्यात गुण आहे म्हणूनच सांगतो. घाई करू नकोस. कच्चं फळ तोडलं तर कोणाच्या उपयोगाचं? आम्ही तुला जपतोय." इतक्या मायेने बोलले की ठकूबाईने त्यांना दूध प्यायला दिलं.

गोंदाजीही येऊन गेला. अंगणात बसला, पाय लांब केला, गुडघा चोळत राहिला.

"मी बघितला तुझा फटका," तो म्हणाला. "म्हशीनं मारायच्या आधी मी तसाच मारायचो."

हैबती एकदम पुढे सरकला. गावात आणखी एक रीत होती, जुनी, फारशी कोणाला आठवत नसलेली. खेळाडूने आपणहून आपली काठी मागल्याच्या हातात दिली, तर मागल्या आत जायचा. मग कारभाऱ्यांनाही काही बोलता येत नसे.

"तात्या, मग द्या ना मला काठी. एकाच खेळापुरती द्या."

गोंदाजीने लांब केलेला पाय दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला. म्हणाला, "दिली तर मी कुठं जाऊ, पोरा? हा पाय घेऊन मला नांगर धरता येत नाही. मैदानात आहे तोवर लोक रामराम तरी घालतात." मग उठताना म्हणाला, "पुढल्या साली बघू."

मला गोंदाजीचा राग येतो. पण पूर्ण राग येत नाही, तेही खरंच.

सालं गेली. हैबतीला मिशा आल्या, लग्न झालं, मुलगा झाला, लखू. हैबती अजून मागल्याच. हातात काठी, समोर राखेची रेघ, आणि रेघेपलीकडे पाय ओढणारा गोंदाजी. आता तो इतका हुबेहूब झाला होता, की लांबून बघणाऱ्याला दोन गोंदाजी दिसायचे. उन्हात दोघेही एकाच वेळी गुडघ्यावर हात टेकवायचे. कारभारी खूश होते. म्हणायचे, "तयार होत आलाय. अगदी तयार होत आलाय."

हैबतीच्या डोक्यावर पहिले पांढरे केस आले, त्या साली गोंदाजी पडला. ऐन खेळात, धावता धावता, तोंडावर. त्याच्याबरोबरचे आणखी चौघे दमून आधीच रेघेवर बसले होते. सगळेच म्हातारे झाले होते, फक्त कोणी बोललं नव्हतं. बेट हातचं जाणार असं दिसल्यावर कारभाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला आणि ओरडले, "मागले, आत या."

हैबती आत गेला.  त्याची आई गर्दीत उभी होती, लखूला कडेवर घेऊन. तिने पदर तोंडाला लावला होता. इतकी सालं ज्याची वाट बघितली, तो हा दिवस होता.

चेंडू त्याच्याकडे आला. चांगला आला, सरळ आला, अगदी त्या दिवशीसारखा. समोर दगड उघडे होते. हैबतीने डावा हात गुडघ्यावर टेकवला, कमरेत वाकला, आणि वाट बघू लागला. समोरचा गोंदाजी कधी काठी फिरवतो, याची. पण समोर गोंदाजी नव्हता. समोर कोणीच नव्हतं. नुसता चेंडू होता.

पलीकडच्या गावचा एक गडी आला. हाच कधीकाळी पहिल्या साली आपटी खाऊन रडत घरी गेला होता. त्याने हैबतीच्या काठीपुढून चेंडू उचलून न्यावा तसा नेला. हैबती अजून वाकलेलाच होता. बाकीच्या मागल्यांचीही हीच गत. एक जण तर सवयीने रेघेबाहेर जाऊन उभा राहिला.

बेट गेलं. त्याच संध्याकाळी पलीकडची गुरं घंटा वाजवत बेटावर चढली. अलीकडची गुरं काठावर उभी राहून हंबरत होती. ठकूबाईच्या गाईने पुढचा पावसाळा बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी चावडीवर गाव बोलावलं. कोणाला वाटलं, आता तरी काहीतरी बदलेल. कारभारी उभे राहिले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता.

"बघितलंत? मी इतकी सालं कंठशोष करत होतो, पोरं कच्ची आहेत म्हणून. एकदा, फक्त एकदा आत घेतली, आणि पिढ्यांचं बेट गेलं."

कच्ची पोरं खाली मान घालून बसली होती. त्यांतल्या एकाला नातू झाला होता.

मग ठरलं, की मागल्यांना अजून जास्त सालं बाहेर ठेवायचं. इतकंच नाही, तर मागल्याच्या मागेही आणखी एक मागल्या उभा करायचा, म्हणजे शिकण्यात कसर राहणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठकूबाई मागून म्हणाली, "अहो, त्यांना चेंडू तरी द्या." पण बायकांनी चावडीवर बोलायची पद्धत नव्हती, म्हणून कोणी ऐकलं नाही.

जुने खेळाडू संपले होते, तेव्हा हैबती आता संघात पक्का झाला. नाइलाजाने का होईना, पण झाला. लोक रामराम घालू लागले. आणि लखू वाढला. तोही शेरडं राखायचा, तोही उतारावर चेंडू खेळायचा, आणि चेंडू त्याच्याही काठीपाशी थांबायचा. कारभारी आता काठी टेकत चालायचे. ते त्या वाटेने गेले, थांबले, आणि म्हणाले, "याला जपायला हवं." लखू हैबतीचा मागल्या झाला.

हैबतीचा संघ दर साली हरत होता. बेट परत आणायचं म्हणून दर साली म्हातारे अधिक म्हातारे होऊन खेळत होते.

एका सालच्या खेळाच्या सकाळी ठकूबाईने हैबतीच्या पानात भाकरी वाढली आणि ती समोर बसून राहिली. आता ती फार थकली होती.

"हैबती," ती म्हणाली, "आज काठी त्याच्या हातात दे. मी तुझं बघितलं. त्याचं बघायला मी राहणार नाही. मी आहे तोवर दे."

हैबती म्हणाला, "देतो, आई." आणि खरं सांगतो, तेव्हा त्याच्या मनात द्यायचंच होतं.

मैदानावर गर्दी जमली. राखेची रेघ ताजी मारलेली. खेळ सुरू व्हायला थोडा वेळ होता. हैबती काठी घेऊन रेघेपाशी गेला. लखू बाहेर उभा होता, तरणाबांड, पाय घट्ट रोवलेले. बाप जवळ आलेला बघून तो सावरून उभा राहिला आणि त्याने डावा हात गुडघ्यावर टेकवला.

 "लख्या," हैबती म्हणाला, "गुडघ्याला काय झालं?"

"काही नाही, बा. तुम्ही असंच करता."

हैबतीने काठी पुढे केली. लखूने तिचं एक टोक धरलं. क्षणभर काठी दोघांच्या हातात होती, मधे राखेची रेघ. लखूचे डोळे असे चमकले, की त्याच्या आजीला ते लांबून दिसले. ती उठून उभी राहिली.

तेवढ्यात पारावरून कारभाऱ्यांचा आवाज आला. "हैबती, यंदा बेट आणायचंय बरं का. तुझ्याच भरवशावर आहोत."

हैबतीने मैदानाकडे बघितलं. मोकळं, सारवल्यासारखं स्वच्छ मैदान. सगळं तारुण्य त्याने या रेघेबाहेर काढलं होतं. आत येऊन अशी किती सालं झाली होती? आणि काठी दिली तर उद्यापासून कोण रामराम घालणार? आता कुठे तर त्याची पाळी आली होती.

त्याने काठी ओढून घेतली. लखूने लगेच सोडली, तो आज्ञाधारक होता.

"पुढल्या साली बघू," हैबती म्हणाला.

ठकूबाई खाली बसली. ती पुढल्या सालापर्यंत राहिली नाही. हैबती त्या साली हरला, पुढल्या साली हरला, आणि नंतर धावता धावता एका सुगीला तोंडावर पडला. तेव्हा लखूला आत बोलावलं. लखूने आत जाऊन काय केलं, ते मी सांगायला नको.

बेट आजही पलीकडच्या गावाकडे आहे. अलीकडच्या गावात आता गुरं नाहीत, खेळही नाही, मैदानावर करवंदीच्या जाळ्या माजल्यात. पण तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर एक गंमत दिसेल. तिथली धडधाकट माणसं घागर उचलण्याआधी, पोर कडेवर घेण्याआधी, डावा हात गुडघ्यावर टेकवतात. का, म्हणून विचारा, कोणाला सांगता येणार नाही. म्हैस तर केव्हाच मेली.

यातून घ्यायचं ते एवढंच: ज्या पोराला तुम्ही नुसतं जपून बाहेर ठेवता, ते तयार होत नाही, म्हातारं होतं, आणि पाळी आली की आपल्या पोरालाही तसंच बाहेर ठेवतं.